इंटर्नशिप, कचरा आणि वजनकाटा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आमच्याकडे इंटर्नशिपविषयीची पत्रं वाढतात. यंदा त्यांतली बरीचशी 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द घेऊन आली आहेत. त्यांतल्या निवडक सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. काही पत्रं थोडी आवरली आहेत, नावं दिलेली नाहीत.

बी.एस्सी.च्या चौथ्या सत्रात आहे. कॉलेजनं इंटर्नशिप करून आणायला सांगितलं आहे. मोबाइलवर 'ग्रीन इंटर्न', 'क्लायमेट ॲम्बॅसडर' अशा जाहिराती रोज येतात. काही ठिकाणी प्रमाणपत्राचे ९९९ रुपये मागतात. खरी कोणती समजायची?
— विद्यार्थी, सुदामा नगर

पैसे मागणारी पहिल्या फटक्यात बाजूला ठेवा. उरलेल्यांना फोन करून एकच प्रश्न विचारा : 'मी रोज काय मोजायचं, कुठे लिहायचं आणि ते तपासणार कोण?' उत्तर 'जनजागृती', 'पोस्ट टाकायच्या', 'मित्रांना जोडायचं' असं आलं तर ते प्रचाराचं काम आहे. प्रचारही कुणीतरी करायला हवाच, पण पुढच्या मुलाखतीत त्यावर दोन मिनिटंही बोलता येत नाही.

तासांचा हिशेब आधी पक्का करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या विद्यार्थ्यानं चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप करायची असते आणि ३० तासांना एक क्रेडिट धरतात. म्हणजे रोज चार तास दिले तर १२० तास पाच-सहा आठवड्यांत होतात. मात्र तुमच्या कॉलेजचा स्वतःचा नमुना फॉर्म असेल तर तो काम सुरू करण्याआधी भरून मार्गदर्शकाची सही घ्या. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात. मे-जूनमध्ये काम चोख करतात, जुलैत पत्र घेऊन जातात आणि 'आधी परवानगी कुठे घेतली होती?' या वाक्यावर सगळं थांबतं.

जागा कुठे शोधायची? इंदूरमध्ये लांब जावं लागत नाही. वॉर्डांत कचरा वर्गीकरणाचं काम बघणाऱ्या संस्था, सोलर बसवणारे ठेकेदार, पीथमपूरच्या कारखान्यांना पर्यावरणविषयक सल्ला देणारी छोटी कार्यालयं, आणि मोठी हॉटेलं, हॉस्पिटलं, सोसायट्या. यांतल्या शेवटच्या गटाकडे मुलं बघतच नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना 'बल्क जनरेटर' ठरवलं. अशा ठिकाणी कचऱ्याची नोंद ठेवणारं माणूस हवंच असतं आणि ते बहुधा नसतं. एक पानाचं पत्र घेऊन थेट मॅनेजरकडे जा. पत्रात 'मला शिकायची संधी द्या' असं लिहू नका. 'सात दिवस तुमच्या कचऱ्याचं वजन करून चार पानांचा अहवाल देईन' असं लिहा.

हॉस्टेलच्या मेसचं 'वेस्ट ऑडिट' करायचं काम मिळालं आहे. तीन दिवस वजन केलं. एक दिवस ४१ किलो, दुसऱ्या दिवशी ६८, तिसऱ्या दिवशी ३३. सर म्हणतात आकडे चुकलेत. कसं करायचं?
— दोन विद्यार्थिनी, भंवरकुआँ

आकडे चुकले असतीलच असं नाही, पण त्यांतून काही कळत नाही हे खरं. तीन दिवस पुरत नाहीत. सलग सात दिवस हवेत, म्हणजे रविवारची मेजवानी आणि आठवड्याच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी दोन्ही त्यात येतात. रंगपंचमीचा आठवडा घेऊ नका. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी अर्धं हॉस्टेल राजवाड्याला असतं, मेस ओस पडते आणि सरासरी आपटते. श्राद्धपक्ष, परीक्षेचा पहिला आठवडा हेही टाळा.

सामान फारसं लागत नाही : ५० किलोचा डिजिटल काटा (१० ग्रॅमपर्यंत दाखवणारा), एकसारख्या सहा बादल्या, तीन मीटर बाय तीन मीटर ताडपत्री, जाड रबरी हातमोजे, पाणी गाळायला एक भोकांची पाटी, आणि एक वही. वही कागदाचीच ठेवा. ओल्या हातानं मोबाइलमध्ये आकडे भरायला गेलात की चुका होतात. पहिल्या दिवशी प्रत्येक बादलीचा धडा करून, म्हणजे रिकामी बादली तोलून, ते वजन बादलीवरच मार्करनं लिहा. बादली ९०० ग्रॅमची असते आणि दिवसाला वीस वेळा वजन होतं. धडा विसरला तर १८ किलो हवेतूनच येतात. तुमच्या ६८ किलोंत असं काही आहे का ते आधी बघा.

दुसरा मोठा घोटाळा पाण्याचा. वरण, रस्सा, ताक बादलीत गेलं की वजन फुगतं. उष्टं भोकांच्या पाटीत दहा मिनिटं निथळू द्या, मग तोला. निथळलेलं पाणी वेगळं लिटरमध्ये लिहा, टाकून देऊ नका. वरण रोज किती जास्त होतं याचा तोच एक पुरावा असतो.

आता मुख्य गोष्ट. मेसचा ओला कचरा एकच नसतो. तीन ढीग करा : भाजी चिरताना निघालेली देठं-सालं, ताटांतलं उष्टं, आणि पातेल्यात उरलेलं शिजवलेलं अन्न. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. सालं कमी करता येत नाहीत. पातेल्यात उरलेलं म्हणजे आचाऱ्याचा अंदाज चुकला. ताटांतलं उष्टं म्हणजे एकतर वाढण्याचा डाव मोठा आहे, नाहीतर चव बिघडली आहे. दर जेवणाला जेवणाऱ्यांची संख्या लिहा. कूपन मोजा, रजिस्टरवर विसंबू नका, कारण सही करून बाहेर पोहे खाणारे बरेच असतात. समजा दुपारी १८४ जण जेवले आणि उष्टं २५.८ किलो निघालं, तर माणशी १४० ग्रॅम झाले. हा आकडा दोन दिवसांत, दोन मेसमध्ये, दोन वर्षांत ताडून बघता येतो. नुसते 'रोज ४७ किलो' ताडता येत नाहीत.

सुका कचरा मोजताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही. पुठ्ठा, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या तुमच्या काट्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मेसचा पोऱ्या ते आधीच काढून अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला, विकतो. ती त्याची वरकमाई आहे, तिच्यात हात घालू नका. फक्त आठवड्याला किती किलो विकलं ते त्याला नीट विचारून लिहून घ्या. नाहीतर अहवालात सुका कचरा हास्यास्पद कमी दिसतो आणि परीक्षक पहिला तोच आकडा पकडतात.

इंदूरमध्ये घराच्या दारात कचरा सहा प्रकारांत मागतात : ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक आणि सॅनिटरी. तुमचे रकानेही हेच ठेवा, स्वतःचे नवे प्रकार काढू नका. सॅनिटरी पिशवी उघडायची नाही. बंदच तोलायची. आणि नगर निगमची (महापालिकेची) कचरागाडी किती वाजता येते ते आदल्या दिवशी विचारा. सकाळी साडेसातला गाडी येणार असेल तर तुम्ही सव्वासहाला ताडपत्रीवर हव्यात. गाडी निघून गेली की त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो आणि आदल्या दिवसाचा आकडा तिथे टाकण्याचा मोह होतो. रिकामाच ठेवा, कारण लिहा.

कचरा फार असेल, समजा ३०० किलोंचा ढीग, तर सगळा हातानं निवडता येत नाही. ढीग फावड्यानं दोनदा उलटापालटा करा, पसरून चकती करा, पोळीसारखे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका. उरलेल्याची पुन्हा चकती, पुन्हा चार भाग. तीस-चाळीस किलो राहिले की निवडायला बसा. निवडून झाल्यावर सगळ्या प्रकारांची बेरीज सुरुवातीच्या वजनाशी ताडा. दोन-तीन टक्के कमी आलं तर ते सुकणं-सांडणं. दहा टक्के कमी आलं तर एखादी बादली लिहायची राहिली आहे.

टिटॅनसचं इंजेक्शन आधी घेतलेलं असू द्या. काच आणि सळई-काड्या पाटीत हमखास असतात.

चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत कंपोस्टिंग सुरू करायची इंटर्नशिप आहे, आठ आठवड्यांची. रोज साधारण २५ किलो ओला कचरा येतो. दहाव्या दिवशीच वास सुटला, लोक तक्रार करताहेत.
— विद्यार्थी, टिळक नगर

वास कसला आहे ते आधी सांगायला हवं होतं, कारण निदान त्यावरच अवलंबून आहे. सडक्या अंड्यांसारखा असेल तर हवा पोहोचत नाही, माल फार ओला आहे. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर सुकं कमी पडतंय. पत्रात 'लोक तक्रार करताहेत' एवढंच आहे, तेव्हा दोन्ही धरून चालू.

मूठभर माल घेऊन दाबा. बोटांतून पाण्याची धार आली तर फार ओला, एक-दोन थेंब आले तर बरोबर, काहीच न येता माल भुगा होऊन सुटला तर कोरडा. मुंग्या झाल्या असतील तर समजा माल वाळला आहे, एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं. एक बादली ओल्या कचऱ्याला एक ते दीड बादली सुकी पानं, हे मापानं, वजनानं नाही. कलिंगड-आंब्याच्या दिवसांत दोन बादल्या. दर दिवसाचा थर टाकल्यावर वर चार-पाच सेंटिमीटर पानांचं पांघरूण हवंच, माशा त्यानंच थांबतात. पानं मार्चच्या पानगळीत पोत्यांत भरून ठेवायची असतात. पावसाळ्यात वाळलेलं पान शोधून मिळत नाही, मग लाकडाचा भुसा विकत आणावा लागतो.

वास मारायला चुना टाकू नका. पुष्कळ सोसायट्यांत वॉचमन हेच करतो. चुन्यानं माल अल्कधर्मी होतो आणि अमोनिया आणखी बाहेर पडतो, शिवाय नायट्रोजनही त्याबरोबर जातो.

ढीग तापतो का ते बघा. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. हातात धरवली नाही तर उत्तम, आत ५५ अंशांच्या आसपास आहे. कोमट असेल तर ढीग लहान आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी मीटरभर झाल्याशिवाय उष्णता टिकत नाही. म्हणून चार कप्पे करून चारही थोडे थोडे भरण्याची चूक करू नका. एक पूर्ण भरा, मगच दुसरा. दर चार-पाच दिवसांनी उलटा.

खतात जाड, करड्या रंगाच्या अळ्या दिसल्या की महिला मंडळ घाबरतं. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्यानं खातात आणि घरात शिरत नाहीत. हे पहिल्या बैठकीतच सांगून ठेवा, नंतर कुणी ऐकत नाही.

वेळेचं गणित मात्र कडक आहे. खत व्हायला दीड ते दोन महिने आणि तुमची इंटर्नशिप आठ आठवड्यांची. पहिला कप्पा पहिल्या आठवड्यात भरला तरच जाताना हातात खत असतं. १०० किलो ओल्या कचऱ्यातून १५ ते २० किलो खत निघतं, तेव्हा लोकांना पोतीच्या पोती कबूल करू नका. तयार खतात कुंडीभर मेथी पेरा, शेजारी साध्या मातीत तेवढीच पेरा. खतातली मेथी उगवली नाही किंवा पिवळी पडली तर खत कच्चं आहे, आणखी दोन आठवडे ठेवा.

मी बी.कॉम. करते. या क्षेत्रात सगळे इंजिनिअर आणि सायन्सवाले दिसतात. मला काही जागा आहे का?
— विद्यार्थिनी, लोकमान्य नगर

आहे, आणि सायन्सवाल्यांपेक्षा जरा बरीच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला. त्यातले आकडे शेवटी बिलांतूनच येतात : वीज, डिझेल, गॅस, पाणी, भंगारविक्री. बिलं वाचणं, जुळवणं, गहाळ महिना शोधणं हे तुमचं शिक्षण आहे. अशा कंपन्या आपल्या पुरवठादारांकडेही हीच माहिती मागू लागल्या आहेत, त्यामुळे पीथमपूर आणि सांवेर रोडवरच्या लहान कारखान्यांना एक्सेल येणारं माणूस हवं आहे.

कार्बनच्या हिशेबाचं गणित अवघड नाही. डिझेल एक लिटर जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचे साधारण ५७ किलो. ग्रिडच्या विजेचा गुणांक, म्हणजे एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. तो एका युनिटला ०.७ किलोच्या थोडा वर-खाली असतो. ज्या वर्षाची बिलं, त्याच वर्षाचा गुणांक घ्या. जाळलेलं इंधन 'स्कोप १', विकत घेतलेली वीज 'स्कोप २', बाकी पुरवठा-वाहतूक वगैरे 'स्कोप ३'. पहिल्या इंटर्नशिपमध्ये स्कोप ३ च्या वाटेला जाऊ नका.

चुका कुठे होतात ते सांगतो. मोठ्या ग्राहकांच्या बिलावर केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच असे दोन आकडे असतात. युनिट म्हणजे केडब्ल्यूएच, दुसरा उचलला की हिशेब फुगतो. बिलाचा महिना १ ते ३० असतोच असं नाही, रीडिंगच्या तारखा बघा. डिझेलच्या व्हाउचरवर बहुधा रुपयेच असतात. त्या दिवसाच्या भावानं भागून लिटर काढावे लागतात, आणि त्यातलं किती जनरेटरला, किती साहेबांच्या गाडीला हे स्टोअरकीपरलाच माहीत असतं. छतावर सोलर असेल तर तयार झालेली, ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज हे तीन वेगळे आकडे आहेत. आणि एसी दुरुस्तीची बिलं मागायला विसरू नका. एक किलो आर-४१०ए गॅस गळला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. वर्षभराच्या सिलिंडरांपेक्षा तो आकडा मोठा निघाला की मालक खुर्चीत सरळ बसतात.

अर्थशास्त्राची आवड असेल तर घरातलंच उदाहरण अभ्यासा. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणतात आणि त्या पंपांचं वीजबिल प्रचंड असतं. तिथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी नगर निगमनं फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून २४४ कोटी रुपये उभे केले. निगमच्या कर्जाची परतफेड वीजबचतीतून कशी बसते, हे मांडून दाखवलंत तर तुमचा प्रोजेक्ट वर्गात वेगळा दिसेल.

मुलीला देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर (शहराच्या कचरा डेपोवर) इंटर्नशिपला जायचं आहे. पाठवावं का?
— एक आई, रामबाग

पाठवा, पण दोन गोष्टी लेखी विचारून. रोज सोबत कोण असेल आणि बंदिस्त टाक्या-खड्ड्यांजवळ काम आहे का? असेल तर तेवढं नाही म्हणा. अशा जागी मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून 'वास नाही म्हणजे धोका नाही' हे तिथे चालत नाही. बाकी बंद बूट, मास्क, घरी आल्यावर आधी अंघोळ. जुना कचऱ्याचा डोंगर तिथे आता नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प आहे, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून सुमारे १७ टन गॅस काढण्याच्या क्षमतेचा. शिकण्यासारखं तिथे एकच विचाराल तर ओल्या कचऱ्यातली भेसळ. प्लास्टिकची पिशवी टाकीत तरंगते, नारळाची करवंटी पंपात अडकते. गाडीगणिक ५० किलोंचा नमुना काढून त्यात नको ते किती टक्के आहे हे मोजणं, हे काम ती उघड्यावर, सुरक्षितपणे करू शकते. वॉर्डनिहाय तक्ता झाला तर तो निगमलाही उपयोगी.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतून हे सगळं पगारी करता येईल का? आणि शेवटी अहवाल किती पानांचा हवा?
— विद्यार्थी, वैशाली नगर

२०२४ मध्ये ती योजना सुरू झाली तेव्हाच्या अटींप्रमाणे ती २१ ते २४ वर्षांच्या, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नसलेल्या तरुणांसाठी होती. १२ महिने, महिना ५,००० रुपये. त्या अटींनुसार नियमित कॉलेजला जाणाऱ्याला ती लागू नव्हती. पदवीनंतर बघा. तोवर बसभाडं आणि दुपारचा चहा मिळाला तरी कमी समजू नका, पण ते पहिल्या दिवशी बोलून घ्या.

अहवाल दहा-बारा पानांचा पुरतो. पहिल्या पानावर काय मोजलं, किती दिवस, कुठल्या काट्यावर. मग तक्ते, आणि मग मोजताना काय राहिलं त्याचा एक परिच्छेद. तो परिच्छेद मुलं लपवतात, आणि मुलाखतीत नेमका तोच विचारतात. प्रमाणपत्र लेटरहेडवर घ्या. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, कामाचं दोन ओळींत वर्णन, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का एवढं त्यात हवं. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या. साहेबांवर सोडलंत तर 'चांगली वर्तणूक' एवढंच लिहून मिळतं. रोजच्या कच्च्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स शेवटी जोडा, डाळीचे डाग असले तरी चालतील.